लघवीतील आर्सेनिक: रूपांची बेरीज एकूण मात्रेशी जुळत नाही, तेव्हा काय तपासावे

आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्या व्यक्तींच्या लघवीचे नमुने एचपीएलसी-आयसीपी-एमएस पद्धतीने (म्हणजे कॉलममध्ये रूपे वेगळी करून प्लाझ्मा वस्तुमानमापकाने मोजण्याच्या रीतीने) तपासताना एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. आर्सेनाइट, आर्सेनेट, मोनोमिथाइल आर्सोनिक आम्ल (यापुढे एमएमए) आणि डायमिथाइल आर्सिनिक आम्ल (यापुढे डीएमए) या चार रूपांची बेरीज त्याच नमुन्यात वेगळ्याने मोजलेल्या एकूण आर्सेनिकपेक्षा कमी भरते. कधी तूट दहा टक्क्यांची असते, कधी पाव हिश्श्याची. कॅलिब्रेशनची रेषा सरळ असते, प्रमाण द्रावणांचे आकडे बरोबर येतात, ब्लँक स्वच्छ असतो, आणि तरीही नमुन्यांत तूट राहते. मग आज कॉलम बदलला जातो, उद्या मोबाइल फेज (नमुना कॉलममधून वाहून नेणारे द्रावण) नव्याने केला जातो, चार दिवस आकडे जुळल्यासारखे वाटतात आणि पुढच्या तुकडीत तीच तूट परत येते.

या तुटीकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष होते, याचे कारण निकाल मांडण्याच्या रीतीत आहे. शरीरात गेलेले अजैव आर्सेनिक यकृतात एएस३एमटी या विकराच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने मिथिलित होते, म्हणजे त्याला मिथाइल गट जोडले जातात, आणि मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. सर्वसाधारणपणे लघवीत १० ते ३० टक्के अजैव आर्सेनिक, १० ते २० टक्के एमएमए आणि ६० ते ८० टक्के डीएमए आढळते. ज्या व्यक्तींच्या लघवीत एमएमएचा वाटा जास्त असतो त्यांच्यात त्वचेवरील व्रण आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा धोका अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, म्हणून टक्केवारीला एवढे महत्त्व आले. परंतु ही टक्केवारी सापडलेल्या रूपांच्या बेरजेवर काढली जाते, एकूण आर्सेनिकवर नाही. जे सापडलेच नाही ते छेदातूनही गळते, आणि शंभर टक्के मात्र नेहमी बरोबर भरतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका नमुन्यात एकूण आर्सेनिक लिटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि कॉलमवरून अजैव ८, एमएमए ७ व डीएमए ३० असे मिळून ४५ मायक्रोग्रॅम सापडले. या आकड्यांवरून एमएमएचा वाटा १५.६ टक्के निघतो. आता हरवलेले १५ मायक्रोग्रॅम हे कॉलमला चिकटून राहिलेले डायमिथिलित संयुग असेल, तर एमएमएचा खरा वाटा ११.७ टक्केच आहे आणि ही व्यक्ती प्रत्यक्षात अधिक चांगले मिथिलन करणारी आहे. उलट एकूण आर्सेनिकचा आकडाच १५ ने फुगलेला असेल, तर १५.६ टक्के हाच आकडा खरा. तूट तेवढीच, पण अर्थ वेगळे. म्हणून सगळे आकडे एका गुणकाने वर ओढून घेणे हा उपाय नव्हे. आधी तूट कुठे पडते ते शोधले पाहिजे, आणि त्यासाठी तुलना दोन टप्प्यांत करावी लागते.

पहिल्या टप्प्यात कॉलम काढून, त्याच मोबाइल फेजमधून, त्याच डायल्यूट केलेल्या नमुन्याचे तेवढेच आकारमान थेट यंत्रात सोडावे आणि मिळालेल्या पीकचे (आलेखातील शिखराचे) क्षेत्रफळ कॉलममधून आलेल्या सर्व पीकच्या बेरजेशी ताडून पाहावे. दुसऱ्या टप्प्यात या थेट इंजेक्शनचा आकडा वेगळ्याने मोजलेल्या एकूण आर्सेनिकशी ताडावा. पहिल्या टप्प्यात तूट असेल तर काहीतरी कॉलममध्ये अडकते आहे. दुसऱ्यात असेल तर दोष एकूण मापनात किंवा नमुना गाळण्यात आहे. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे, आणि ते न करता कॉलम बदलणे म्हणजे वेळ व पैसा दोन्ही वाया घालवणे होय, असे माझे अनुभवाअंती ठाम मत झाले आहे.

एकूण आर्सेनिकचा आकडा फुगला असेल तर

दुसऱ्या टप्प्यातील तूट आधी पाहू, कारण ती लवकर निकालात निघते. आर्सेनिकचे ७५ वस्तुमानाचे एकच स्थिर समस्थानिक आहे, त्यामुळे दुसऱ्या समस्थानिकाकडे वळण्याची सोय नाही. प्लाझ्मातील आर्गॉन आणि नमुन्यातील क्लोरीन यांच्या संयोगाने बनणारा आर्गॉन-क्लोराइड आयनही नेमका ७५ वरच येतो. लघवीत क्लोराइड लिटरमागे काही ग्रॅम असते. कॉलममधून जाताना क्लोराइड वेगळ्या वेळी बाहेर पडते, त्यामुळे रूपांचे आकडे बहुधा शाबूत राहतात. परंतु एकूण मापनात ते सगळे आर्सेनिक म्हणूनच मोजले जाते. म्हणजे येथे बेरीज खरी असते आणि एकूण आकडा खोटा.

तपासणी सोपी आहे. लघवीत असते तितक्या तीव्रतेचे मिठाचे शुद्ध द्रावण नमुन्याप्रमाणेच डायल्यूट करून मोजावे. त्यात आर्सेनिक दिसले तर कोलिजन सेलमधील (वायूशी टक्कर घडवून असे खोटे आयन अडवणाऱ्या कक्षातील) हीलियमचा प्रवाह पुरेसा नाही. ऑक्सिजन वापरून आर्सेनिकचे ऑक्साइडात रूपांतर करून ९१ वर मोजण्याची सोय ज्या यंत्रांत आहे, त्यांनी तीच वापरावी. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी निदान ७७ वस्तुमानावर लक्ष ठेवावे, कारण ३७ वस्तुमानाच्या क्लोरीनपासून होणारा जोडीदार आयन तेथे दिसतो. मात्र ७७ वर सेलेनियमही येते, हे विसरू नये.

कार्बनमुळेही आकडा फुगतो. आर्सेनिकची आयनीभवन ऊर्जा ९.७९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे बरीच जास्त आहे, आणि प्लाझ्मात कार्बन असला की आर्सेनिकचे आयनीभवन वाढते. लघवीतील युरिया व क्रिएटिनिन यांतून हा कार्बन मिळतो, साध्या पाण्यात केलेल्या प्रमाण द्रावणांत तो नसतो. नमुने आणि प्रमाण द्रावणे या दोहोंत थोडे आयसोप्रोपॅनॉल सारख्याच प्रमाणात घातले की हा फरक बराचसा मिटतो. ज्या प्रयोगशाळांत एकूण आर्सेनिक हायड्राइड पद्धतीने (आर्सेनिकचे वायुरूप हायड्राइड, म्हणजे आर्साइन, बनवून) मोजतात तेथे प्रश्न उलटा असतो: मासळीतून येणारे आर्सेनोबीटेन संपूर्ण विघटन केल्याशिवाय हायड्राइड देत नाही, त्यामुळे एकूण आकडाच कमी येतो आणि बेरीज त्याच्याही वर जाते.

पहिले पीक: आर्सेनाइट की मासळी?

ॲनायन-विनिमय कॉलमवर, म्हणजे ऋणभारित आयन धरून ठेवणाऱ्या कॉलमवर, आर्सेनाइट जवळपास थांबतच नाही. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनित होतात तो आकडा) ९.२ असल्याने सहा-सात पीएचला ते विद्युतभाररहित असते आणि मोबाइल फेजच्या पहिल्या लाटेबरोबर बाहेर पडते. आर्सेनोबीटेनही तेथेच येते. दोन्ही एकमेकांवर चढली की यंत्र ते सगळे आर्सेनाइट म्हणून दाखवते, आणि अजैव आर्सेनिकचा वाटा कारण नसताना वाढतो. यात बेरीज जुळते, म्हणून ही चूक अधिक फसवी आहे.

आमच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट एका सहकाऱ्याच्या नमुन्यामुळे लक्षात आली. आर्सेनिकचा संपर्क नसलेला नमुना तुलनेसाठी हवा होता, म्हणून त्याने स्वतःचा दिला, आणि त्यात पहिले पीक पश्चिम बंगालच्या नलिकाकूपांचे पाणी पिणाऱ्या कोणत्याही व्यक्तीच्या नमुन्यापेक्षा मोठे निघाले. चौकशी केल्यावर कळले की तो आदल्या दिवशी गावाहून परतला होता आणि तेथे दोन दिवस दोन्ही वेळ सुरमई व बांगडा हेच जेवण होते. आर्सेनोबीटेन शरीरात जवळजवळ न बदलता एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जाते आणि ते विषारी मानले जात नाही. पण कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील व्यक्तींचे नमुने घेताना याची दखल घेतली नाही, तर निरोगी माणसाच्या नावापुढे अजैव आर्सेनिकचा घाबरवणारा आकडा लागेल.

पडताळणीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड पुरते. डायल्यूट केलेल्या नमुन्याचे दोन भाग करावेत, एका भागात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालून काही तास ठेवावे आणि दोन्ही भाग लागोपाठ चालवावेत. आर्सेनाइटचे ऑक्सिडीकरण होऊन ते आर्सेनेटच्या जागी जाते; आर्सेनोबीटेन जागचे हलत नाही. पहिल्या पीकमधील जेवढा भाग हलला तेवढे आर्सेनाइट, उरलेले मासळीचे. मोबाइल फेजचा पीएच नऊच्या आसपास नेला की आर्सेनाइट अंशतः आयनित होऊन आर्सेनोबीटेनपासून सुटते, हा कायमचा उपाय आहे. मात्र मग ते डीएमएच्या जवळ सरकू शकते, म्हणून दोन्हींचे वेगळेपण नव्याने सिद्ध करावे लागते. अमोनियम कार्बोनेटचा मोबाइल फेज उघड्या बाटलीत दिवसभर राहिला तर त्यातून वायू निघून जातात, पीएच सरकतो आणि दुपारनंतरच्या नमुन्यांत पीकच्या वेळा बदलतात. झाकण लावावे आणि फेज रोज ताजा करावा, इतकेच.

आर्सेनोबीटेनचा प्रश्न असा सुटतो, पण मासळी आणि समुद्री शेवाळ यांतील आर्सेनोशर्करा व आर्सेनोलिपिड यांचे शरीरात डीएमएच बनते, आणि ते डीएमए पाण्यातील आर्सेनिकपासून बनलेल्या डीएमएपासून कोणत्याही कॉलमवर वेगळे करता येत नाही. तेथे नमुन्यापूर्वी तीन-चार दिवस समुद्री अन्न वर्ज्य करणे एवढाच मार्ग उरतो. भातातही अजैव आर्सेनिकबरोबर डीएमए असते. भात सोडायला सांगणे शक्य नाही, म्हणून निदान आदल्या दिवसाच्या जेवणाची नोंद नमुन्याच्या कागदावर असावी.

कॉलममधून बाहेर न येणारे आर्सेनिक

पहिल्या टप्प्यातील तूट हे मला या विषयातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण वाटते, कारण त्यात अनेक चांगल्या प्रयोगशाळा फसल्या आहेत.

मिथिलनाच्या वाटेवर एमएमए आणि डीएमए यांची त्रिसंयुजी रूपे (ज्यांत आर्सेनिकची संयुजा पाचऐवजी तीन असते) तयार होतात. ती अत्यंत विषारी आहेत. त्रिसंयुजी एमएमए तर पेशींना आर्सेनाइटपेक्षाही घातक ठरते. मिथिलन म्हणजे केवळ विषहरण, ही जुनी समजूत त्यामुळेच मागे पडली. सन २००० च्या सुमारास मानवी लघवीत ही रूपे सापडल्याचे अहवाल येऊ लागले आणि सगळ्यांनी त्यांचा शोध सुरू केला. त्रिसंयुजी डीएमएचे प्रमाण द्रावण करण्याची तेव्हाची सोपी रीत अशी होती: पंचसंयुजी डीएमए घ्यायचे आणि मेटाबायसल्फाइट व थायोसल्फेट यांनी त्याचे क्षपण करायचे. २००४ मध्ये निरनिराळ्या संशोधकांनी दाखवून दिले की या रीतीने त्रिसंयुजी डीएमए मिळत नाही, तर ऑक्सिजनच्या जागी गंधक बसलेले डायमिथाइल मोनोथायोआर्सिनिक आम्ल, म्हणजे थायो-डीएमए मिळते. त्या प्रमाण द्रावणाशी पीकची वेळ जुळली म्हणून ज्याला त्रिसंयुजी डीएमए म्हटले गेले, त्यातील काही भाग प्रत्यक्षात थायो-डीएमए होता.

थायो-डीएमए लघवीत खरोखरच असते. बांगलादेशातील आर्सेनिकबाधित स्त्रियांच्या लघवीत ते नंतर आढळले. पॉलिस्टायरीन आधाराच्या ॲनायन-विनिमय कॉलमवर ते फार घट्ट धरले जाते. नेहमीच्या दहा-बारा मिनिटांच्या धावेत ते बाहेरच येत नाही. पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या नमुन्याच्या धावेत रुंद, सपाट टेकडीसारखे येते आणि लोक त्याला बेसलाइनचा चढ समजून वजा करतात. आपल्या नोंदींत तुटीच्या नमुन्यानंतर येणारा बेसलाइनचा फुगवटा दिसत असेल, तर दोन नमुन्यांच्या मध्ये अर्धा तास नुसता मोबाइल फेज वाहू देऊन पाहावे.

येथेही हायड्रोजन पेरॉक्साइड कामी येते. थायो-डीएमएचे ऑक्सिडीकरण होऊन साधे डीएमए बनते, म्हणून पेरॉक्साइड घातलेल्या भागात डीएमएचे पीक वाढले आणि तूट तेवढीच भरून निघाली, तर हरवलेला ऐवज सापडला असे समजावे. एका चाचणीत पहिले पीकही तपासले जाते आणि ही तूटही, म्हणून प्रत्येक तुकडीतील निदान काही नमुने पेरॉक्साइडसह व पेरॉक्साइडविना असे दोन्ही प्रकारे चालवावेत, असा माझा आग्रह आहे. निश्चित ओळखीसाठी सी-१८ रिव्हर्स फेज कॉलम वापरावा, त्यावर थायो संयुगे नीट पीक देतात. गंधकाचा माग काढण्यासाठी ऑक्सिजन सेलमध्ये ४८ वस्तुमानावरील सल्फर ऑक्साइड आयन त्याच वेळी येतो का ते पाहावे. त्रिसंयुजी प्रमाण द्रावण हवेच असेल तर ते मिथाइल व डायमिथाइल आर्सेनिकच्या आयोडाइडपासून, पाण्यात ताजे करून, फ्यूम हूडमध्ये हाताळावे. ही द्रव्ये अतिशय विषारी आहेत.

नमुना प्रयोगशाळेत येण्याआधीच बदलला असेल तर

काही वेळा बेरीज जुळते, पहिले पीक स्वच्छ असते, आणि तरीही दोन तुकड्यांमधील प्रमाणे जुळत नाहीत. अशा वेळी यंत्राकडे पाहू नये, नमुन्याचा प्रवास विचारावा. त्रिसंयुजी डीएमए लघवीत अत्यंत अस्थिर असते. गोठवून ठेवले तरी साधारण एका दिवसात त्याचे पंचसंयुजी रूपात ऑक्सिडीकरण होते. त्रिसंयुजी एमएमए त्यापेक्षा टिकाऊ, पण महिनोन् महिने साठवलेल्या नमुन्यात त्याचाही भरवसा नाही. बिहारमधील किंवा पश्चिम बंगालमधील एखाद्या खेड्यातून, अथवा गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातील कौडीकसा गावातून बर्फात ठेवलेला नमुना दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पोचत असेल, तर त्यात त्रिसंयुजी डीएमए सापडले नाही यावरून ते शरीरात बनलेच नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये. मेक्सिकोतील सिमापान येथील अभ्यासात ही रूपे मोजता आली ती ताजी लघवी काही तासांत तपासल्यामुळे.

या कामासाठी हायड्राइड निर्मिती व शीतसापळा पद्धत मला अधिक विश्वासाची वाटते. पीएच सहाच्या बफरमध्ये बोरोहायड्राइड घातले की केवळ त्रिसंयुजी रूपांचे आर्साइन बनते. त्याच नमुन्यात आधी एल-सिस्टीन घातले तर सगळ्यांचे बनते, आणि दोहोंतील फरक म्हणजे पंचसंयुजी भाग. द्रव नायट्रोजनच्या सापळ्यात गोठलेली ही आर्साइन तापवताना एकामागून एक सुटतात: साधे आर्साइन शून्याच्या बरेच खाली, मिथाइल आर्साइन २ अंश सेल्सिअसला आणि डायमिथाइल आर्साइन ३६ अंशांच्या आसपास. कॉलमच नसल्याने अडकण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र आर्सेनोबीटेन या पद्धतीला दिसत नाही.

त्रिसंयुजी रूपे नको असतील, केवळ चार नेहमीची रूपे हवी असतील, तर साठवण बरीच सोपी आहे: काहीही न मिसळता ४ अंश किंवा उणे २० अंशांवर दोन महिन्यांपर्यंत नमुने चांगले राहतात. नमुना टिकावा म्हणून आम्ल घालण्याची सवय मात्र सोडावी. पाण्याच्या नमुन्यांत धातू मोजताना ती योग्य आहे, लघवीतील रूपे मोजताना नाही. त्याने रूपांचा तोल बदलतो, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर क्लोराइडही वाढते. गोठलेला नमुना वितळल्यावर तळाशी गढूळ साका बसतो. तो न ढवळता वरचेच द्रावण गाळले, तर साक्याला चिकटलेले आर्सेनिक गाळणीवर राहते आणि दुसऱ्या टप्प्यात तूट दिसते. नमुना खोलीच्या तापमानाला पूर्ण येऊ द्यावा, नीट हलवावा, आणि मगच त्याचे भाग करावेत.

पेशींवर किंवा उंदरांवर प्रयोग करणाऱ्यांना तूट जास्त दिसते, आणि त्याचे कारण वेगळे असते: त्रिसंयुजी आर्सेनिक प्रथिनांतील थायॉल गटांना चिकटून प्रथिनांबरोबरच खाली बसते. क्युप्रस क्लोराइडसह पीएच एकला थोडा वेळ उकळले की ते सुटते. मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, रक्तात तर त्रिसंयुजी डीएमए हिमोग्लोबिनला असे घट्ट बसते की लघवीवरून मानवाशी तुलना करणेच चुकीचे ठरते. यूरोटीएसए या मानवी मूत्रमार्गाच्या अस्तराच्या पेशींत एएस३एमटी फारच कमी असते, त्यामुळे तेथे मिथिलित रूपे अत्यल्प आढळली तर पद्धतीला दोष देण्याआधी पेशी तपासाव्यात.

अखेरीस नोंदीबद्दल. प्रत्येक तुकडीत गोठवलेल्या मानवी लघवीचा प्रमाणित संदर्भ नमुना, उदाहरणार्थ अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके संस्थेचा एसआरएम २६६९, चालवावा. पण त्याचे आकडे बरोबर आले म्हणजे आपल्या नमुन्यांतील तूट संपली असे नव्हे, कारण आपल्या नमुन्यातील थायो-डीएमए त्या बाटलीत असेलच असे नाही. निकालाच्या तक्त्यात रूपांच्या शेजारी एकूण आर्सेनिक, थेट इंजेक्शनचा आकडा आणि कॉलममधून आलेली बेरीज हे तीन रकाने कायम ठेवावेत. क्रिएटिनिनऐवजी विशिष्ट गुरुत्वाने दुरुस्ती करावी, कारण क्रिएटिनिनचा मिथिलनाशीच संबंध दिसतो. एवढे करूनही जी तूट उरेल ती वाटून टाकू नये. 'न ओळखलेले आर्सेनिक' असा चौथा रकाना करून मायक्रोग्रॅममध्ये तशीच छापावी, आणि त्या नमुन्यांचा एक न उघडलेला भाग उणे ८० अंशांवर राखून ठेवावा.